साखरपुड्यात उरकलेलं लग्न

साखरपुड्यातच लग्न उरकायचं ठरलंय, असं कानावर आलं की वडगाव रासाईची अनसाबाई मांडवातून उठते आणि न जेवता घरी येते. लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलंय. डोकं चांगलं शाबूत आहे तिचं. ती का उठते, ते आमच्या आळीतल्या बायकांना ठाऊक आहे.

अनिता तिची शेजारीण. अनिताचा नवरा दारू पिऊन तिला गुरासारखा मारायचा आणि आमचे कर्तबगार पुरुष 'नवराबायकोचं भांडण' म्हणून पारावर तंबाखू मळत बसायचे. एका संध्याकाळी तो कुऱ्हाड घेऊन आठ वर्षांच्या धनश्रीच्या, स्वतःच्या पोरीच्या, अंगावर धावला. अनिता पाट्यावर वाटण वाटत होती. हातातला वरवंटा तिनं त्याच्या डोक्यात घातला. तो मेला आणि अनिताला जन्मठेप झाली. ही ब्याण्णव सालची गोष्ट.

सासरच्यांनी पोरीला दारात उभं केलं नाही. अनसाबाईनं तिला सरळ आपल्या घरी आणलं. अनिताच्या शेळ्या आळीनं पाळीपाळीनं राखल्या, पोरीच्या कपड्यालत्त्याचं त्यांच्यावरच भागलं. मुलाखतीला येरवड्याला जायचं तर अनसाबाईबरोबर आमच्यातली कुणी ना कुणी जायचीच. जाळीपलीकडून अनिता दर खेपेला एकच सांगायची, "आत्या, मला बाकी काय नको. धनूच्या लग्नात तेवढी उभी करा."

पोरगी मोठी झाली. दौंडकडचं स्थळ सांगून आलं, मुलगा कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जाणारा. पोरीची आई तुरुंगात आहे आणि का आहे, हे अनसाबाईनं पाव्हण्यांना पहिल्याच बैठकीत सांगितलं. माणसं भली, तरीही हो म्हणाली. लग्नाची तारीख धरून अनितानं पॅरोल मागितला. चौकशीला पोलीस गावात आले तेव्हा तिचा दीर भिमाजी आडवा पडला, ती आली तर गावात राडा होईल म्हणाला. मग अनसाबाई आळीतल्या बायका घेऊन शिरूरच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसली. "सायेब, ती कुठं पळून जात न्हाई. आमी समद्या हाय की तिच्या पाठीशी." पॅरोल मंजूर झाला. आमचे पाय जमिनीवर ठरेनात.

लग्नाला पंधरवडा असताना साखरपुडा झाला. टिळा लागला आणि मुलाचा मामा म्हणाला, "समदी माणसं जमलीच हायती. हळद लावा आन् आजच उरकून टाका. परत मांडव कशाला?"

आमच्याकडं यात नवल नाही, निम्मी लग्नं अशीच लागतात. धनश्रीनं अनसाबाईचा पदर धरला. "आजी, आईला येऊ द्या की."

पण भिमाजी मांडवातच होता, पाव्हण्यांच्या कानाशी लागत होता. पंधरा दिवसांत हा काय काय भरवील, याची अनसाबाईनं धास्ती घेतली. "हातचं स्थळ जाईल, पोरी," ती म्हणाली आणि तिनं मामाकडं बघून मान हलवली. आम्हालाही तेच शहाणपणाचं वाटलं. हळद आम्हीच कालवली. पोलीस ठाण्यात तोंड उघडणाऱ्या आम्ही, त्या दिवशी एकीनंही 'थांबा' म्हटलं नाही. पुढं अनिताला निरोप धाडायचाही कुणाला धीर झाला नाही.

ती पॅरोलवर सुटायच्या दिवशी अनसाबाई एकटीच येरवड्याला गेली. तुरुंगात शिवण शिकून धनश्रीसाठी शिवलेलं हिरवं झंपर हातात घेऊन अनिता बाहेर आली. एसटीत बसल्या बसल्या तिनं विचारलं, "हळद कवा हाय, आत्या?"

अनसाबाईनं खाली मान घालून सगळं सांगितलं.

अनितानं मांडीवरच्या झंपराची घडी उलगडली. मग म्हणाली, "सासरी जाताना रडली का?"

"व्हय."

"कुणाच्या गळ्यात पडली?"

"माझ्या."

"बरं झालं," अनिता म्हणाली आणि झंपराची घडी पुन्हा नीट घातली. "कुणीतरी व्हतं."

"त्यापरीस तिनं माझ्या थोबाडीत दिली असती," अनसाबाई अजून म्हणते, "तर मांडवात बसून दोन घास तरी गिळले असते मी."