आडव्या बाटलीची भिवराबाई

माजलगावात मोंढ्यामागच्या वस्तीत भिवराबाईचं आडनाव कुणाला विचारू नका, सांगता यायचं नाही. पण 'आडव्या बाटलीची भिवराबाई' म्हणा, शेंबडं पोरही घर दाखवील. सात वर्षांपूर्वी रस्त्यावरचं देशीचं दुकान बंद पाडायला तिनं बायका गोळा केल्या. रीत अशी, की मत बायकांनीच द्यायचं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं: उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू, आडवीवर म्हणजे बंद. भिवराबाई आणि तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण तुळजाबाई, दोघींनी उंबरे झिजवले, बाळंतिणीलासुद्धा रिक्षात घालून मतदानाला नेलं. बाटली आडवी झाली. गुलाल उधळला, दोघींचा फोटो पेपरात आला.

दुकान बंद झालं. तहान थोडीच बंद होते? दारू रस्त्यावरून उठली आणि गल्ल्यांत शिरली. पिठाच्या गिरणीमागं, शिंप्याच्या माळ्यावर, जिथं वाट मिळेल तिथं. भिवराबाईचा नवरा बद्रीनाथ मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. पूर्वी तो दुकानाच्या बाकड्यावर सगळ्यांदेखत बसायचा. ही जायची, दंडाला धरून घरी आणायची. लाज वाटायची, पण माणूस सापडायचा. आता तो सापडेना. स्वतःच्या हातानं तिनं त्याला अंधारात ढकललं होतं, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग ती गल्ल्या शिकली. रोज दिवेलागणीला पदर खोचून निघायची. किराणा दुकान, पण गिऱ्हाईक सगळे गडीच आणि खपतात फक्त फुटाणे आणि पाण्याची पाकिटं, की समजायचं. दाराबाहेर दहा जोड चपला आणि आत चिडीचूप, की समजायचं. मतं मागत फिरणाऱ्या पुढाऱ्यांनाही एवढी दारं ठाऊक नव्हती. प्रत्येक दाराशी ती एकच विचारायची, "आमचे हायत का?"

"न्हाईत, बाई."

"खोटारडे मेले," म्हणत ती पुढच्या बोळात वळायची. घरी येऊन बघावं तर हा ओट्यावर आडवा. यंदा उन्हाळ्यात डोळे पिवळे झाले, तेव्हा डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "असंच पीत राहिले तर दिवाळी बघायचे नाहीत." तेव्हापासून ती दुपारीच काम उरकून संध्याकाळची वाट बघू लागली. त्याला शोधून काढायचं, त्या दारातून ओढून आणायचं, एवढंच तिच्या जिवाला लागलं होतं.

श्रावणात एका दुपारी तिचा पाय मुरगळला आणि पहिल्यांदाच ती संध्याकाळी घरात राहिली. भिंतीशी बसून पीठ मळत होती. तेवढ्यात खोकला ऐकू आला. दोन आखूड आणि एक लांब. तीस वर्षं मोंढ्याची धूळ खाल्लेला खोकला, तो ओळखायला तिला तोंड बघायची गरज नव्हती. भिंतीपलीकडून येत होता, तुळजाबाईच्या घरातून.

पिठाच्या हातांनीच ती लंगडत गेली. तुळजाबाईनं दार अर्धंच उघडलं. "कुणी न्हाई इथं," म्हणाली, पण डोळे खाली गेले. भिवराबाई आत शिरली. पाच-सहा गडी भिंतीला टेकून बसलेले. वर चौकटीत पेपरातला फोटो, गुलालानं माखलेल्या दोघी. त्याच्या बरोबर खाली बद्रीनाथ. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो इतका कडू असतो हे तिला त्या दिवशी कळलं. ती गल्ल्या तुडवायला बाहेर पडली की हे दार उघडायचं.

"इथं कावून?" तिनं त्याला विचारलं.

"इथं तू हुडकणार न्हाईस म्हणून," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

तुळजाबाई तिला चुलीपाशी घेऊन गेली. "दुकान गेलं अन् त्याच्यासमोरचा आमचा अंड्याचा गाडा बसला. कोण थांबतंय तिथं आता? लेकरांच्या तोंडात काय घालू, तुमीच सांगा. भाऊजींला मी पाणी घालून देते, भिवराबाई. दुसरीकडं नासकी पिऊन कवाच गेले असते."

भिवराबाई लंगडत घरी परतली. बोंब मारली तर हे दार बंद होईल, आणि तो पुन्हा न दिसणाऱ्या एखाद्या दारात जाईल. सात वर्षांपूर्वी तिनं तेच केलं होतं. ती हरली होती. त्यानंतर ती गल्ल्यांत गेली नाही. त्याला घरात कोंडून बघितलं, पाया पडून बघितलं, तो जायचाच. मग रोज भिंतीशी बसून ती खोकला ऐकायची. खोकला आहे तोवर माणूस आहे, एवढाच तिचा हिशेब उरला.

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी खोकला आला नाही. तिनं भाकरी थापली, कान लावला. दुसरी थापली. मग तवा उतरवला, चपला घातल्या आणि शेजारच्या दाराकडं न बघता गल्लीत शिरली. आज तो दुसरीकडं बसलेला असू दे, कसलीही पिऊन पडलेला असू दे, असा नवस करत ती गिरणीमागं गेली, शिंप्याकडं गेली, एकूण एक दार तिनं वाजवलं.

"आमचे हायत का?"

"न्हाईत, बाई."

सात वर्षं ज्यांना ती खोटारडे म्हणत आली, त्यांतलं त्या संध्याकाळी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

परत आली तेव्हा तुळजाबाईचं दार सताड उघडं होतं. बाहेरचा चपलांचा ढीग नाहीसा झाला होता. बद्रीनाथचा टायरच्या तळाचा एकच जोड राहिला होता. भिवराबाई खाली वाकली, तो जोड उचलून आपल्या दारात नीट लावून ठेवला, आणि मग तुळजाबाईच्या घरात गेली.