गोल पडद्याची कड

नळदुर्गला आम्हा दोघा भावांचा मंडप आणि लायटिंगचा धंदा आहे. दादा गिऱ्हाईक बघतो, मी टेम्पो आणि वायरिंग बघतो. काही वर्षांपूर्वी दादानं सोलापूरहून एक वापरलेला एलईडी पडदा आणला. हा पडदा एकसंध नसतो. लहान लहान चौकोनी पाट्या शेजारी शेजारी बसवून तो उभा करायचा, आणि प्रत्येक पाटीवर दिव्यांचे ठिपके असतात. पडदे तोवर सगळ्यांकडेच झाले होते, म्हणून दादाच्या मनानं घेतलं की आपला गोल करायचा. अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत मागं उभ्या राहणाऱ्यांना पूजा दिसावी म्हणून पडदा हवाच होता. गोल म्हटल्यावर तिथली मंडळी खूश झाली.

लोहाराकडून सांगाडा करून घेतला, पाट्या चढवल्या आणि गोलाच्या बाहेर पडणारे दिवे बंद ठेवले. दुकानामागच्या मोकळ्या जागेत, हायवेच्या कडेला, दिवस मावळताना आम्ही पडदा लावून बघितला. भंडाऱ्याचा पिवळा रंग पडद्यावर भरला. अणदूरहून एक पंच मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी चहा घेतला, बराच वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाकी चांगलं हाय. पण ह्या अंगाचा भंडारा कुंकवासारखा का दिसायलाय?"

तोवर आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गोलाची डावी कड लालसर होती, उजवी हिरवट. आणि कड तरी कसली, बारवेच्या पायऱ्या असाव्यात तशी खाचाखाचांची. लांबून कुणाला दिसत नाही, असं दादा म्हणाला. पण पंचांनी जाताना पुन्हा एकदा वळून त्या डाव्या बाजूकडं पाहिलं.

चहा घेऊन आलेली वहिनी मात्र तिथंच थांबली. ती सीमेपल्याडची, कर्नाटकातल्या गावची. लग्नाआधी सोलापुरात कॉम्प्युटर शिकलेली. आमच्या धंद्यात तोवर तिचा हात बिलं छापण्यापुरता होता. ती पडद्याला नाक लावून उभी राहिली, मग रस्ता ओलांडून पार ढाब्यापाशी गेली आणि तिथून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला लॅपटॉपवर एक 'ठ' दाखवला. साधा, वाचतो तसला. मग तो मोठा करत नेला. आपल्याला गुळगुळीत गोल वाटणारा तो 'ठ' आतून चौकोनांचाच होता. फक्त कडेचे चौकोन पूर्ण काळे नव्हते. कुठला करडा, कुठला अगदी फिका.

"बघा भावजी," ती म्हणाली, "रेघ ज्या ठिपक्यातनं अर्धी जाती, तो अर्धाच पेटवायचा. डोळा बाकीचं जुळवून घेतो."

रंगाचंही तिनं शोधून काढलं. आमच्या त्या जुन्या पडद्यात एकेका ठिपक्यात लाल, निळा, हिरवा असे तीन दिवे शेजारी शेजारी होते. लाल डावीकडं, हिरवा उजवीकडं. लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो. पण डाव्या कडेला लाल दिवे सगळ्यात बाहेर, त्यांच्या पलीकडं मिसळायला हिरवा कुणीच नाही. म्हणून तिथं कुंकू दिसायचं.

दादाला हे पटेना. एवढे पैसे घालून आणलेले दिवे आपणच मंद करायचे व्हय, असं तो म्हणाला. वहिनीनं वाद घातला नाही. तिनं चित्रावर अंथरायचं दुसरं एक चित्र बनवायला घेतलं: मधे सगळं मोकळं, बाहेर काळं, आणि कडेच्या प्रत्येक ठिपक्याला वेगळा मंदपणा. लालचा वेगळा, हिरव्याचा वेगळा. काम करताना ती तोंडातल्या तोंडात कानडीत आकडे मोजायची. हाक मारली तरी तिला ऐकू जायची नाही.

पहिला प्रयत्न फसला. गोल असा दिसायला लागला की जणू चष्मा विसरून बघतोय. दादा हसला. ती म्हणाली, जास्त पुसलं गेलं, आणि पुन्हा बसली. रोज संध्याकाळी ती मला ढाब्यापाशी उभं करायची आणि फोनवर विचारायची. मी सांगायचो, वरची बाजू बरी आहे, खाली अजून पायरी दिसतेय. जवळून बघितलं तर कड अगदी विटकी दिसायची आणि मला वाटायचं, बिघडवून ठेवलं सगळं. रस्ता ओलांडला की तीच कड सुरीनं कापल्यासारखी.

एका संध्याकाळी मला सांगण्यासारखं काही उरलंच नाही. लाल नाही, हिरवं नाही, पायरी नाही. काळ्या आभाळावर पिवळाधमक गोल. मी फोन कानाला लावून नुसता उभा राहिलो. पलीकडून तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काय न्हाय वहिनी. तुमी इकडं येऊन बघा." ती आली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आता जमलं." ढाब्यावर थांबलेले दोन ड्रायव्हरही जेवण सोडून बघत होते. दादा सगळ्यात शेवटी आला. घरी जाताना लॅपटॉपची पिशवी त्यानं स्वतःच्या खांद्याला लावली.

जत्रेत पूजा सुरू झाली तेव्हा मी पडद्याकडं कमी आणि लोकांकडं जास्त बघत होतो. मागं बायामाणसं उभी होती, पोरं खांद्यावर बसलेली. भंडारा उधळला तसा पडदा भरून गेला. सगळ्यांची नजर देवावर. कडेकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही, आणि वहिनीला हेच हवं होतं, हे मला त्या गर्दीत कळलं. ती बायकांच्या घोळक्यात हात जोडून उभी होती. शेजारणीला ठाऊकही नव्हतं की हे हिनं केलंय.

त्यानंतर आमच्याकडं तऱ्हेतऱ्हेचे आकार आले. येरमाळ्याच्या एकानं मोराचा मागितला, कुणी पिंपळपानाचा. पानाच्या टोकानं तिला सगळ्यात जास्त दमवलं, कारण टोकाला उरतात दोन-तीनच ठिपके. तेही तिनं बसवलं. आता नवीन गिऱ्हाईक आलं की दादा खुर्ची पुढं करतो आणि सांगतो, आकार तुम्ही सांगा, जमतंय का ते आमच्या मंडळी सांगतील. मग आत हाक मारतो.