चावीवाला आणि मोरीतला ड्रम

चार फूट लांब, खाली चौकोनी तोंड आणि वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो निघाला की गल्लीतल्या बाया हातातलं काम सोडून कळशा उचलायच्या. नाव त्याला होतं, पण ते फक्त हजेरीपटात. बाकी सगळ्यांना तो चावीवाला. रस्त्याच्या पोटात गाडलेले व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. पहाटे साडेपाचला उघडायचे, सव्वासहाला बंद. त्या पाऊण तासात गल्लीतल्या चाळीस घरांनी प्यायचं, धुण्याचं, अंघोळीचं सगळं पाणी भरून घ्यायचं. पाच मिनिटं उशीर झाला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि पाच मिनिटं जास्त सोडलं म्हणून कुणी आभार मानल्याचं काही त्याला आठवत नव्हतं. तेहतीस वर्षं हा माणूस शिव्या खात उजाडायच्या आत उठला, आणि वर म्हणायचा, "लोक माझं नाव घेऊन दिवस सुरू करतात. असं भाग्य मंत्र्याला तरी आहे का?"

त्याची एकुलती एक मुलगी नर्स. नऊ वर्षांपूर्वी ती दूरच्या एका थंड, श्रीमंत देशात नोकरीला गेली आणि तिथलीच झाली. तिची पोर चार वर्षांची झाली तेव्हा तिनं आईबाबा दोघांची तिकिटं काढायची म्हटली. पण बायको कसली जाते! "दोघं गेलो तर पाणी कोण भरणार?" हे तिचं उत्तर. आता दोघं घरात नसताना पाणी लागणार कुणाला, हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तो प्रश्न कुणाला पडलाच नाही. लग्नानंतर ती बाई सलग दोन दिवस घराबाहेर राहिली नव्हती. शेवटी चावीवाला एकटाच गेला, रजा काढून, सहा आठवड्यांसाठी.

पहिल्याच दिवशी त्यानं तिथे जे केलं ते मुलगी अजून हसून सांगते. ती ड्यूटीवरून परत आली तर अंघोळीचा टब काठोकाठ भरलेला. पातेली भरलेली, बाटल्या भरलेल्या, फुलदाणीतली फुलं बाजूला ठेवून तीसुद्धा भरलेली.

"बाबा, हे काय हो?"

"अगं, नळाला पाणी आलं होतं."

"ते येतंच, बाबा. ते जातच नाही."

"आज नाही गेलं. उद्या गेलं म्हणजे?"

ते उद्या काही उजाडलं नाही. नळ उघडावा तेव्हा पाणी, तेही थेट ओंजळीनं पिण्यासारखं. चावीवाला पहिले चार दिवस नळाकडे संशयानं बघत राहिला. पाचव्या दिवशी त्याला नळापेक्षा दुसरीच गोष्ट खटकू लागली. इमारतीत बारा घरं, पण जिन्यात कुणाचा आवाज नाही. समोरची शाळा बंद, कारण मुलंच नाहीत. बाकावर म्हातारी माणसं लांब लांब बसलेली. त्यानं फोनवर हे सांगितलं तेव्हा बायको पटकन म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडे पाणी चोवीस तास आणि माणूस पाऊण तास. आपलं बरोब्बर उलटं!"

खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा एकटे राहायचे. त्यांनीही उभा जन्म पाण्याच्या खात्यात काढला होता, हे कळल्यावर चावीवाल्याला राहवेना. मुलीला दुभाषी म्हणून घेऊन तो त्यांच्याकडे गेला. आजोबांनी कपाटातून एक गुळगुळीत लाकडी दांडा काढला, एक टोक जमिनीला लावलं, दुसरं कानाला. चावीवाल्याला ओळख पटली! गळती ऐकायला तो स्वतः तसाच लोखंडी गज वापरायचा. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी अर्धा तास ते दांडा या कानाचा त्या कानाला लावून हसत बसले.

मग आजोबांनी विचारलं, "तुमच्या खात्यात तरुण माणसं किती येतात?"

"गेल्या वेळी एका जागेला चारशे अर्ज आले."

त्यांच्याकडे चार जागा दोन वर्षं रिकाम्या होत्या. "आमच्या पोटी पोरंच नाहीत," ते म्हणाले, "म्हणून तर तुमची मुलगी आमच्या म्हाताऱ्यांना भरवते. आमचे पाईप शाबूत आहेत, पण सांभाळणार कोण?" चावीवाल्याला त्यांची दया आली, आणि आपल्याला या देशाची दया यावी याचं त्याला नवलही वाटलं.

पण खरी गोष्ट पुढेच घडली. पाऊण तास पाणी, बाकी वेळ बंद, हे मुलीनं सांगितल्यावर आजोबांच्या कपाळावर आठी पडली.

"बंद करता? रोज? मग तेव्हा पाईपमध्ये काय असतं?"

"काही नसतं."

"काही नसतं असं कधी होत नाही," आजोबा म्हणाले. त्यांनी कागदावर एक पाईप काढला, शेजारी गटार काढलं, पाईपला दोन चिरा दाखवल्या. पाणी जोरात असतं तेव्हा चिरांतून बाहेर येतं. पाणी बंद केलं की पाईप रिकामा होतो, आणि त्याच चिरांतून गटार आत ओढलं जातं. सकाळी पहिला लोंढा ते सगळं घेऊन घरात येतो.

चावीवाला त्या कागदाकडे बघतच राहिला. तीन वर्षांपूर्वी गल्लीत काविळीची साथ आली होती. समोरच्या शिंपीणबाईची सून त्या साथीत गेली. सहा महिन्यांची पोटुशी होती. गल्ली म्हणाली नशीब, डॉक्टर म्हणाले पाणी, आणि चावीवाला म्हणाला होता, "मी तर वेळेवर बंद केलं होतं." वर लेकीच्या घरी परत आल्यावर त्यानं मुलीसमोर तोंड फिरवलं आणि तो रडला. तेहतीस वर्षं तो वेळेवर बंद करत होता, आणि त्याचाच त्याला अभिमान होता.

परत आला तो एकच ध्यास घेऊन. निवृत्तीला पाच महिने होते. तेवढ्यात आपल्या एका गल्लीचं पाणी बंद करणं थांबवायचं.

खात्यातल्या इंजिनिअर मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी डोक्याला हात लावला. "मामा, पाणी आणू कुठून?"

"नवीन नको, मॅडम. आहे तेवढंच. फक्त दिवसरात्र हळूहळू सोडा."

तो रोज जायचा. मॅडम जेवायला बसल्या की हा दारात, मॅडम गाडीत बसल्या की हा गाडीशी. शेवटी कंटाळून म्हणा की पटून म्हणा, त्यांनी तीस दिवस दिले. गल्लीच्या तोंडाशी मीटर बसवलं. अट साफ होती. गल्लीला आत्ता दिवसाला जेवढं पाणी जातं, शेवटच्या सात दिवसांत त्याच्या वर थेंब जाता कामा नये. गेलं तर पुन्हा पाऊण तास, आणि विषय कायमचा संपला.

पहिल्या आठवड्यात मीटरनं दुप्पट आकडा दाखवला. चावीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. घरोघरी बघतो तर लोकांनी ड्रम, टाक्या, पिंपं सगळं भरून ठेवलेलं. आणि रोज सकाळी साडेपाचला उठून तेच पाणी मोरीत ओतून नवीन भरायचं! का, तर कालचं शिळं झालं. नळातून ताजं पाणी दिवसभर वाहतंय, आणि माणसं ताजं म्हणून ते साठवतायत अन् शिळं म्हणून फेकतायत. निम्म्या घरांत तर नळाला तोटीच नव्हती. पाणी आल्याचा आवाज यावा म्हणून तो वर्षानुवर्षं उघडाच.

मग काय, त्यानं कंबर कसली. पान्हा आणि तोट्यांची पिशवी घेऊन एकेका घरात शिरला. तोट्या बसवल्या, वॉशर बदलले, आणि प्रत्येक घरात तेच पुराण लावलं. ड्रम काढा, पाणी जाणार नाही, माझा शब्द आहे. लोक मान डोलवायचे. आकडा थोडा उतरला आणि तिथेच अडून बसला. विसावा दिवस उजाडला तरी तो मॅडमनी आखलेल्या रेघेच्या वरच.

आता उरली फक्त गळती. दुपारी दोनला गल्ली झोपली की तो गज घेऊन निघायचा, पाईपवर टेकवून कान लावायचा. तिसऱ्या दिवशी त्याला बारीक सूंऽऽ असा न थांबणारा आवाज सापडला. त्याचा माग काढत तो शिंपीणबाईच्या दारापर्यंत आला. ती ओट्यावर मशीन चालवत होती. सून गेल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. आज मशीन थांबवून म्हणाली, "इथे काय हुंगतोस? आधी स्वतःच्या मोरीत डोकाव."

तो वळला. आवाज खरंच समोर जात होता, त्याच्याच घरात. मागच्या भांड्यांच्या मोरीत, जिथे तो कधी फिरकायचा नाही, जुन्या पोत्याखाली, दोनशे लिटरचा निळा ड्रम होता आणि त्यात नळीतून करंगळीएवढी धार पडत होती. ड्रम ओसंडून पाणी शांतपणे मोरीत चाललं होतं.

आता कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते! सगळ्या गल्लीला हा ड्रम ठाऊक होता. चावीवाल्याच्याच घरी ड्रम भरतो म्हटल्यावर त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? एक तोच बावळट, बायकोवर डोळे झाकून भरवसा ठेवून गावभर शहाणपण वाटत फिरत होता.

"अगं, काय केलंस हे? माझं नाक कापलंस!" तो ओरडला.

बायको पोळपाट धूत होती. तिनंही आवाज चढवला. "ओरडू नका. तेहतीस वर्षं पहाटे उठून मी पाणी भरलंय. तापात भरलंय, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी भरलंय. तुम्ही चावी फिरवून मोकळे व्हायचात. तुमच्यावर माझा विश्वास आहे हो. पाण्यावर नाही."

त्यानं मुलीला फोन लावला आणि बायकोच्या हातात दिला. "तूच समजाव तुझ्या आईला."

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या पलंगाखाली दोन बाटल्या भरलेल्या असतात. नऊ वर्षं झाली इथे. रोज सकाळी ओतते आणि नवीन भरते. काल माझी पोर विचारत होती, आई, हे कशाला?"

बायको मोरीच्या कट्ट्यावर बसली. "ही खोड मीच लावली तिला," ती म्हणाली. "ती आता त्या चिमुरडीला लावणार."

मग उठली, पदर खोचला आणि ड्रम आडवा करायला गेली. तो तिला एकटीला हलेना, म्हणून नवऱ्यावर खेकसली, "बघता काय, धरा की!" दोघांनी तो रिकामा केला, भर दुपारी दारातून बाहेर काढला, गल्लीच्या मधोमध उभा केला. तिनं घरातली मोठी सुरी आणून त्याच्या बुडाला दोन भोकं पाडली. दणके ऐकून झोपलेली गल्ली जागी झाली. "बघा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा गेला. आता तुमचे काढा. आणि उद्या साडेपाचला कुणाची बादली वाजली तर मी येईन!"

चावीवाल्याला जे बावीस दिवसांत जमलं नाही, ते तिनं संध्याकाळपर्यंत केलं. गल्लीत एकोणीस ड्रम उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ती पहाटे सवयीनं उठून बसली. "नीज गं, पाणी आहे," तो म्हणाला. "माहीत आहे," असं म्हणून ती गेली, तोटी एकदा सोडून बंद केली, आणि परत येऊन उन्हं दारात येईपर्यंत झोपली.

शेवटचे सात दिवस आकडा रेघेखाली राहिला. तिसाव्या दिवशी मॅडमनी मीटर वाचलं, पुन्हा पुसून वाचलं. "मामा, हा व्हॉल्व्ह आता बंद करायचा नाही. आणि रजेचं नाव काढू नका, पुढची गल्ली लगेच घेऊ या." बायको मागूनच म्हणाली, "यांना ठेवा तुम्ही. मी चाललेय लेकीकडे." तिनं खरंच पेटी काढली होती.

चावीवाल्याकडे चाव्या दोन. एक खात्याची, आणि एक जुनी, नोकरी लागली तेव्हा त्यानं पदरमोड करून लोहाराकडून घडवून घेतलेली. हीच तो या गल्लीत तेहतीस वर्षं वापरत आला होता. ती खांद्यावर टाकून तो निघाला, तर शिंपीणबाई ओट्यावरून उतरून समोर उभी राहिली.

"ती चावी मला दे."

"बाई, तुला काय करायचीय ही?"

तिनं दोन्ही हातांनी चावी घेतली. जड होती, तिला पेलवत नव्हती, तरी तिनं त्याला हात लावू दिला नाही. आत भिंतीवर सुनेचा फोटो होता. त्याच्या खालच्या खिळ्याला तिनं ती टांगली, खिळा हलतोय का ते बघितलं आणि बाहेर आली.

"आता कुणाला या गल्लीचं पाणी बंद करायचं असेल," ती म्हणाली, "तर त्यानं माझ्या घरात येऊन, तिच्यासमोर, चावी मागायची."

चावीवाल्यानं मान हलवली. मग खात्याची चावी उचलून तो पुढच्या गल्लीकडे चालू लागला.