मास्तरांनी शॉकअप बदलले, तेही दोनदा

मास्तर शिंपी होते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण चाळीस वर्षं गळ्यात टेप अडकवून लोकांची मापं घेतली होती, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. कोट ही त्यांची खासियत. त्यांचा कोट घातला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ दिसतो, असा लौकिक होता. मास्तर म्हणायचे, "ताठ दिसत नाही, पोक लपतं. दोन्ही वेगळं."

कात्री हातात असली की मास्तरांचा हात कधी अडखळत नसे. पण दुकानाचं शटर ओढलं की त्यांचा सगळा ठामपणा आतच राहायचा. बाजारात दोन भोपळे पुढे आले तरी ते दहा मिनिटं उभे. बायको वैतागून म्हणायची, "अहो, भोपळा घ्यायचाय, जावई शोधायचा नाही!"

त्यांच्याकडे राखाडी रंगाची, चार दारांची एक गाडी होती. घेतली तेव्हाच ती कुणीतरी वापरलेली होती, त्यालाही आता पंधरा वर्षं झाली. मुलगी तिच्यातून कॉलेजला गेली आणि पुढे तिच्यातूनच सासरी गेली. इंजिन अजून शिलाई मशीनसारखं चालायचं. खालची बाजू मात्र थकली होती, आणि ते मास्तरांच्या लक्षात आलं ताईमुळे.

ताई म्हणजे मास्तरांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा मास्तर सात वर्षांचे आणि ताई एकोणीसची. तिनेच त्यांना वाढवलं, तिनेच शिंप्याच्या हाताखाली घातलं. स्वतः टेलिफोनच्या ऑफिसात तीस वर्षं नोकरी करून ती निवृत्त झाली होती, पण आवाज अजून ड्यूटीवर होता. यंदा ती न्हाणीघरात घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली, आणि डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा सकाळी व्यायामाला यायला सांगितलं. न्यायची-आणायची जबाबदारी मास्तरांनी न सांगता उचलली.

दवाखान्याच्या रस्त्यावर नऊ स्पीडब्रेकर. गाडी पहिल्यावरून उतरली आणि नुसती डोलतच राहिली.

मागच्या सीटवरून ताई म्हणाली, "धाकट्या, स्पीडब्रेकर एकच होता ना?"

"हो."

"मग आपण तीनदा का उडलो?"

मास्तर त्याच दुपारी गॅरेजात गेले. गॅरेज चालवणाऱ्या बाईंना सगळे पानेवाली म्हणत, कारण त्यांच्या एप्रनच्या खिशातून एक पाना कायम डोकावत असे. वडिलांकडून शिकलेल्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडला. गाडीने होकार दिल्यासारखी तीनदा मान हलवली.

"एकदा वर येऊन थांबायला हवी," त्या म्हणाल्या. मग चाकामागे टॉर्च मारून दाखवलं. शॉकअपच्या नळीवरून तेल ओघळलं होतं आणि त्यावर धुळीचा थर बसला होता. "वजन स्प्रिंग पेलते, मास्तर. शॉकअप फक्त तिचं उसळणं आवरतो. पुढचे दोन्ही गेलेत. मागचेही फार दिवसांचे सोबती नाहीत. चारही बदलू."

"कोणते घालू?"

"गाडीत बसतं कोण?"

"आम्हीच. मी, बायको, आणि हल्ली ताई."

"मग मूळचे होते तसले साधे घाला. कडकच्या नादी लागू नका."

एवढ्यावर मास्तर थांबले असते, तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. पण संध्याकाळी जावयाचा फोन आला. जावयाला गाड्यांचं भारी वेड. स्वतः ऑफिसच्या बसने जायचा, पण कुठल्या गाडीत काय घालावं हे त्याला तोंडपाठ.

"बाबा, साधे कसले घालताय? गॅस भरलेले घ्या, कडक. गाडी रस्त्याला चिकटून चालेल. वळणावर जरा म्हणून झुकणार नाही."

"असं म्हणता?"

"डोळे मिटून घ्या!"

दुसऱ्या दिवशी मास्तर सुट्या भागांच्या दुकानात उभे राहिले. समोर एका बाजूला साधे काळे शॉकअप, दुसऱ्या बाजूला लालभडक, जाडजूड. दुकानदार म्हणाला, "लाल म्हणजे एकदम मजबूत." मास्तरांना जाड कापड आठवलं. जाड ते टिकाऊ, असा सरळ हिशेब करून ते लाल खोकी घेऊन बाहेर पडले.

बायकोने खोकी पाहिली. "गॅरेजवाल्या बाईंनी साधे सांगितले होते ना?"

"जावयांचा अभ्यास आहे त्यातला."

"अभ्यास त्यांचा, पण बसायचं कुणी?"

मास्तरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पानेवाली बाईही खोकी बघून एवढंच म्हणाल्या, "गाडी तुमची, मास्तर." त्यांनी चारही शॉकअप नीट बसवले, चाकं सरळ आहेत का ते तपासून दिलं.

मास्तर एकटेच एक चक्कर मारून आले आणि खूश झाले. वळणावर गाडी खरंच झुकली नाही. डोलणं तर औषधालाही उरलं नव्हतं. आपण एकदाचा स्वतःहून काहीतरी नीट निर्णय घेतला, असं त्यांना वाटलं. जावयाचा त्यातला वाटा त्यांनी सोयीने विसरून टाकला.

दोन दिवसांनी ताई मागे बसली. पहिला स्पीडब्रेकर आला. धप्प! झालं. पुढे काही नाही.

"बघितलंस? एकदाच!" मास्तर म्हणाले.

"हो. एकदाच," ताई म्हणाली.

आणि गप्प बसली. ताई गप्प बसणं ही काही साधी गोष्ट नव्हती. दुसरा गेला, तिसरा गेला, मागून शब्द नाही. मास्तरांनी आरशात पाहिलं. ताईने दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. चौथा स्पीडब्रेकर जवळ आला तशी ती ओठ मिटून, मुठीच्या आधाराने सीटवरून बोटभर वर झाली आणि श्वास धरून राहिली. धप्प! तिने डोळे मिटले.

परत येताना ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "पुढच्या वेळेपासून मी टॅक्सीने जाईन म्हणते. उगाच तुझी दुकानाची वेळ मोडते."

"दुखलं का, ताई?"

"छे रे! छान झालीय गाडी."

लहानपणी घरात भाकरी कमी पडली की ती अशीच म्हणायची, मला भूक नाही. मास्तरांनी गाडी पहिल्या गिअरमध्येच घरापर्यंत आणली.

दुपारी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. वडिलांसाठी कोट शिवायचा होता, कापड उंची आणि चांगलं जाड होतं.

"आतून कडक अस्तर लावा," गिऱ्हाईक म्हणालं. "रुबाबदार दिसलं पाहिजे."

"वडील कोट घालून काय करतात?" मास्तरांनी सवयीने विचारलं.

"वय झालंय. बहुतेक खुर्चीतच असतात."

"मग हे उभ्या माणसाचं कापड झालं. बसलेल्याला ते पोटात टोचेल, खांद्याला काचेल. आधी बघावं घालणार कोण, मग…"

मास्तर बोलता बोलता थांबले. गिऱ्हाईक वाट बघत राहिलं. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली, "कापड राहू द्या, उद्या या" म्हणाले, आणि भर दुपारी शटर ओढून थेट गॅरेज गाठलं.

"बाई, उसवायचंय," ते खाली मान घालून म्हणाले.

पानेवाली बाई हसल्या नाहीत. "मग उसवू. तुम्हाला काय, रोजचंच आहे. पण आधी मागे बसा."

"मी?"

"तुम्हीच. ताई बसतात त्या जागी."

पंधरा वर्षांत मास्तर स्वतःच्या गाडीत मागे कधी बसले नव्हते. बाईंनी गाडी दवाखान्याच्या रस्त्याला घेतली. पहिल्या स्पीडब्रेकरला सीटखालून असा रट्टा आला की तो माकडहाडातून थेट दातांपर्यंत पोचला. दुसऱ्याला त्यांचाच हात आपोआप मुठीकडे गेला. तिसऱ्यानंतर ते म्हणाले, "पुरे. कळलं."

परत आल्यावर बाईंनी टायरची हवा तपासली. तीही गरजेपेक्षा जास्त भरलेली निघाली. ती कमी करता करता त्या म्हणाल्या, "शॉकअप वाईट नाहीत हो. चुकीच्या घरी पडलेत."

गॅरेजात अगदी तसलीच एक गाडी उभी होती, फक्त पांढरी. ती होती पेपरवाल्याची. तो रोज पहाटे डिकी आणि मागची सीट भरून पेपरचे गठ्ठे गावभर पोचवायचा. दोनच महिन्यांपूर्वी त्याने साधे शॉकअप घातले होते आणि तेव्हापासून कुरकुरत होता, की भरलेली गाडी मागून होडीसारखी डुलते. त्या दिवशीही तो तेच सांगायला आला होता.

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे. "भार तर स्प्रिंगच पेलणार," त्या पेपरवाल्याला म्हणाल्या, "पण मास्तरांचे कडक शॉकअप घातले तर तुमचं डुलणं थांबेल. आणि तुमचे यांना चालतील. दोघांचेही नवेच आहेत."

पेपरवाल्याने मास्तरांकडे पाहिलं. "गठ्ठे काही तक्रार करत नाहीत. मला चालेल!"

मास्तर मात्र लगेच हो म्हणाले नाहीत. या वेळी ते डळमळत नव्हते. माप घेत होते. "आधी मला तुमच्या रिकाम्या गाडीत मागे बसवून फिरवा," ते म्हणाले. पेपरवाल्याने एक चक्कर मारली. मास्तरांनी दुसरी मागितली. तिसऱ्या चक्करला पाय लांब करून, पाठ टेकून, डोळे मिटून बसले. गाडी स्पीडब्रेकरवर चढली, अलगद उतरली, एकदा दबली आणि जागेवर आली.

"हेच," मास्तर म्हणाले. कुणाला फोन केला नाही.

जावयाला त्यांनी काम झाल्यावर कळवलं. "जावईबापू, कडक काढले. ताईला सोसत नव्हते."

"बाबा, मागे कोण बसतं ते मी विचारलंच नव्हतं," जावई म्हणाला. "चुकलंच माझं."

"विचारायला मीही विसरलो होतो, आणि मी तर शिंपी आहे."

पुढच्या खेपेला मास्तरांनी टॅक्सीचं नावही निघू दिलं नाही. बायकोलाही बरोबर घेतलं. ताई बसताना मूठ धरूनच बसली. पहिला स्पीडब्रेकर गेला, तिने एक हात सोडला. दुसरा गेला, दुसरा हात मांडीवर आला. तिसऱ्याच्या आधी तिचं बोलणं सुरू झालं. टेलिफोनच्या ऑफिसातल्या एका साहेबाची गोष्ट, जो घोरायचा आणि घोरणं सगळ्या लाइनींवर ऐकू जायचं. बायको हसून हसून बेजार झाली. सहावा स्पीडब्रेकर आला तेव्हा साहेब जागा व्हायच्या बेतात होता, आणि ताईचा शब्दही अडखळला नाही.

मास्तरांनी आरशात बघितलं आणि गिअर बदलला.

व्यायाम आटोपून ताई काठी टेकत गाडीपाशी आली. दार उघडून धरलेल्या मास्तरांना म्हणाली, "घरी काय ठेवलंय इतक्यात? तलावाकडून घे."

पडल्यापासून ती दवाखान्यापलीकडे कुठे गेली नव्हती. मास्तरांनी गाडी तलावाच्या रस्त्याला लावली. काठाशी एक बाक होता. गाडीपासून पंचवीस-तीस पावलं. मास्तरांच्या बायकोने हात पुढे केला तर ताईने तो बाजूला सारला आणि काठीने एकटीच चालत गेली. मध्ये दोनदा थांबली, पाणी बघतेय असं दाखवून. तिघांनी शेंगदाणे खाल्ले. टरफलं कुणी खाली टाकायची नाहीत, असा ताईचा हुकूम सुटला, म्हणून ती मास्तरांच्या खिशात गेली. बगळे आले, गेले. दुकान उघडायची वेळ टळून गेली आणि मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या वाटेवर मागून बोलणं हळूहळू कमी झालं आणि मग थांबलं. मास्तरांनी घाबरून मान वळवली. ताईचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं, आणि ती गाढ झोपली होती.

"हळू चालवा," बायको कुजबुजली.

मास्तर रस्त्याच्या कडेने बैलगाडीच्या वेगाने चालले होते. मागून एक ट्रक हॉर्न देत आला. त्यांनी खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायची खूण केली.