वरचं बोट

दूधवाल्याने कॅनचं झाकण उघडलं, की कच्च्या दुधाचा कोमट वास येतो आणि मी भिलाईच्या आमच्या क्वार्टरमागे जाऊन पोचतो. तेव्हा कारखाना अजून उभा राहत होता. बाबा तिकडेच कामाला होते. आमच्या गाईच्या पाठीवरसुद्धा लाल धूळ बसायची.

मी नागपूरला डॉक्टरकी शिकत होतो, सुटीत घरी आलो होतो. दूध नेहमी आईच काढायची. त्या संध्याकाळी म्हणाली, "आज तूच काढ बापू, मले दम लागून राहिला." आणि पायरीवर टेकली.

मी अंगठा आणि पहिल्या बोटाने सड वरून मिटला, बाकीची बोटं आवळली. क्षणभर आतलं दूध तेवढंच राहिलं, नुसता दाब चढला. मग धार बादलीत वाजली. मूठ सैल केली, सड पुन्हा भरला. पुस्तकात काही केल्या न कळलेला हृदयाचा ठोका मला तिथे कळला! वरची झडप मिटते, रक्त तेवढंच राहून दाब वाढतो, मग पुढची झडप उघडते. मी आईला भडाभडा सांगत सुटलो.

ती पदराने मान पुसत ऐकत होती. "अन् वरचं बोट ढिलं राहिलं, तं?"

"तं रक्त मागे फिरते, माय. माणसाले दम लागते," मी खुशीत सांगितलं.

"असं," ती म्हणाली.

मी दुसरा सड धरला.

त्या वर्षी पोळ्याआधीच ती गेली. त्या संध्याकाळी मी उठून तिची नाडीसुद्धा पाहिली नव्हती. हात दुधाचे होते, असं मी अजून स्वतःला सांगतो.