शेंगुळ्यांचं पान दोनदा मोजलं गेलं

ज्याच्या हाती हे लागेल त्यानं आधी मला माफ करावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. सुनेबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की तिच्या तोंडावर मला शब्द फुटत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आमचं गाव देवगाव रंगारी. मुलाला शहरात कंपनीत नोकरी लागली तसे आम्ही इकडं आलो. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती. माझ्याजवळ बसून शिकायची आणि शिकलेलं फोनवर लिहून ठेवायची. हुलग्याच्या पिठाचे शेंगुळे, आमटीला लावायचं येसर, कण्या, अंबाडीची भाजी. मग तेच तिनं ब्लॉगवर टाकायला सुरुवात केली. ब्लॉग म्हणजे आपलं लिहिलेलं इंटरनेटवर मांडून ठेवायचं, ज्याला वाटेल त्यानं येऊन वाचायचं. मी सांगायची, ती लिहायची. माझं नाव घालू नको, असं मी बजावलं होतं. म्हणून जिथं तिथं ‘सासूबाई म्हणतात’ एवढंच.

फोनवर लिहून लिहून तिची मान धरायची. लॅपटॉप घ्यावा म्हणून मी सोयगावच्या मोठ्या जाऊबाईंकडून उसने पैसे आणले. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता. फोन लावला आणि किती तरी वेळ ऊन-वाऱ्याचंच बोलत राहिले. शेवटी त्याच म्हणाल्या, “अगं, मागायचं ते माग की एकदाचं, जेवण करपायलंय माझं.”

दिले त्यांनी. पण तेव्हापासून फोन आला की टोमणा ठरलेला.

“काय गं, आज किती पंगती उठल्या तुझ्या सुनंच्या?”

“येतात अक्का, लोक वाचायला.”

“वाचत्यात आन् तोंड पुसून जात्यात. फुकटच्या पाव्हण्यांनी पैसे फिटत्यात व्हय?”

पैसे परत करायचा शब्द मी दिला होता, सुनेनं नाही. ते तिलाही ठाऊक होतं.

क्रांती चौकाजवळच्या एका गल्लीत मसाल्याचं दुकान आहे. मालकीणबाई स्वतः कांडपावर उभ्या असतात. आम्ही मसाला तिथूनच कांडून आणतो. एकदा सुनेनं त्यांना ब्लॉग दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ वाचला आणि म्हणाल्या, “माझ्या मसाल्याची जाहिरात देते मी इथं. पण हे बघ, माझ्या फोनवर तुझी अक्षरं कडेला कापली जातात. ते आधी नीट कर. आणि महिनाभर तुझी पानं किती वेळा उघडली ते मला दाखव. आकडा बघून पैसे ठरवू.”

म्हणजे अक्षरं कापली जाऊ नयेत म्हणून ब्लॉगचं रूप, पानांची सगळी मांडणीच, बदलायची आणि मोजणीही चालू ठेवायची. हे किती अवघड आहे ते मला सुनेनं भाजी निवडता निवडता समजावलं. कुणी पान उघडलं की त्याची नोंद करणाऱ्या काही ओळी असतात. आमच्या ब्लॉगमध्ये त्या जुन्या रूपाच्या आत घातलेल्या होत्या. रूप बदललं की त्याच्याबरोबर त्याही जाणार. मागं एकदा तसंच झालं होतं. पान नवं-कोरं, छान दिसत होतं आणि मोजणी बंद पडलेली. त्या दिवसांत कोण आलं, कोण गेलं, काहीच कळलं नाही, आणि ते नंतर भरूनही काढता येत नाही.

मी म्हणाले, “गावाकडं भिंतींना रंग द्यायच्या आधी देव काढून फडक्यात बांधून ठेवतो. रंग वाळला की परत मांडतो. तसंच नाही का?”

“अगदी तसंच, आई,” ती हसली. “आधी देव काढून घेते.”

तिनं त्या ओळी जुन्या रूपातून उचलून वेगळ्या जपून ठेवल्या. नवं रूप लगेच लोकांना दाखवलं नाही, आधी बाजूला लावून पाहिलं. नव्या रूपात आपल्या मोजणीचा क्रमांक भरायला एक रिकामा रकाना होता; तो भरला की त्या ओळींशिवायही मोजणी होते. तो भरावा की जुन्या ओळीच परत चिकटवाव्यात, असा ती विचार करत बसली. मी पडले घाबरट. म्हणाले, “दोन्ही कर की. देवाच्या गाठोड्याला मी दोन गाठी मारते, एक सुटली तर दुसरी असते.”

तिनं दोन्ही केलं आणि नवं रूप लोकांसाठी खुलं केलं.

घरच्या वायफायवरून आम्ही उघडलेली पानं मोजणीत धरायची नाहीत, असं तिनं आधीपासून ठेवलं होतं. म्हणून मला वायफाय बंद करून बाहेर ओट्यावर पाठवलं. मी माझ्या फोनवर ब्लॉग उघडला. आतून ती ओरडली, “आई, दिसलात! एक माणूस आलंय!” शेजारीण विचारायला लागली, कोण आलं तुमच्याकडं? मी लाजून आत पळाले.

पुढच्या काही दिवसांत आकडा एकदम चढला. पानं आधीच्या दुप्पट उघडली जात होती. मुलगा संध्याकाळी पेढे घेऊन आला. “बघ आई, रूप बदलल्यावर कसा ब्लॉग चालला.” मी अक्कांना फोन करायला निघाले होते. पण सून पेढा हातात धरून लॅपटॉपकडं बघत बसली होती.

“माणसं तेवढीच आहेत,” ती म्हणाली. “पानं तेवढी दुप्पट. सगळ्या वाचणाऱ्यांना एकाच दिवशी दुप्पट भूक लागली का?”

“लागली असंल,” मुलगा म्हणाला. “तू पेढा खा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला पुन्हा ओट्यावर बसवलं. “आई, शेंगुळ्यांचं पान उघडा. एकदाच. दुसरीकडं बोट लावू नका.” त्या वेळी ते पान दुसरं कुणीच वाचत नव्हतं. मी देवाला हात लावावा तसं जपून एकदा बोट लावलं. ती बाहेर आली आणि माझ्याशेजारी टेकली.

“दोनदा मोजलं, आई. तुमच्या दोन्ही गाठी पक्क्या बसल्यात.”

रकाना एकदा मोजत होता आणि चिकटवलेल्या ओळी परत एकदा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र पोट धरून हसत होती. हसता हसताच आत गेली, चिकटवलेल्या ओळी काढल्या आणि रकाना तेवढा ठेवला. मग मला परत बाहेर बसवून बघितलं. एकदा उघडलं, एकदाच मोजलं.

घरात खरा वाद झाला तो त्यानंतर. मुलाचं म्हणणं, “झालं ते बरंच झालं. ते दिवस तसेच दाखव. दुकानात बसून कोण तपासतंय?”

“कुणीच नाही तपासणार,” ती म्हणाली. “पण जाहिरात वाचून गिऱ्हाईक यायला हवं ना? त्या आकड्यातली निम्मी पानं तर कुणी उघडलीच नाहीत. न उघडलेल्या पानावरून मसाला कोण घेणार?”

अक्कांचा आवाज कानात होता, आणि खरं सांगते, मला मुलाचंच पटत होतं.

ती दुकानात गेली तेव्हा मी बरोबर होते. तिनं महिन्याचा आकडा पुढं ठेवला आणि विचारायच्या आधीच सांगितलं, “मधले हे दिवस चुकीचे आहेत, दोनदा मोजले गेलेत. ते धरू नका.” मालकीणबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिखटानं हात लाल झालेले होते त्यांचे.

“मग आकडा कमीच झाला की.”

“हो.”

“मग पैसेही कमीच देईन.”

“चालेल.”

दिले कमीच. पण महिना सरला तरी जाहिरात काढली नाही, पुढंही चालू ठेवली. ब्लॉग वाचून आलेली गिऱ्हाईकं दुकानात ‘सासूबाईंचा मसाला’ मागतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी पदरानं तोंड झाकलं. मी फार शिकलेली नाही, पण माणूस ओळखता येतो. पैशाची गरज असताना स्वतःच्या हातानं आपला आकडा कमी करणारं माणूस मी जवळून पाहिलं, आणि ते माझ्या घरात आहे.

जाहिरातीचे पैसे आले की सून अक्कांचा वाटा आधी बाजूला काढायची. शेवटचा हप्ता द्यायला आम्ही दोघी सोयगावला गेलो. अक्कांनी चहा ठेवला आणि सुनेच्या फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, “दाव बरं, काय लिव्हती ते.” शेंगुळ्यांचं पान वाचलं. “लसूण कमी सांगितलाय हिनं,” म्हणाल्या. मग विचारलं, “आता मला बी धरलं का गं त्यात?”

“धरलं, अक्का,” सून म्हणाली. “एकदाच.”

मी पिशवीतून पैसे काढून अक्कांच्या हातावर ठेवले. अक्कांनी ते कनवटीला लावले आणि म्हणाल्या, “फिटले गं सगळे.”