पातं राहिलं का जी?

चार रिटायर्ड माणसं दर रविवारी एका ओट्याभोवती उभी करा, किस्से मागावे लागत नाहीत! प्रताप नगरात सुषमाताई घरी पाव शिकवतात, तिथले माझ्याकडे ढीगभर जमलेत. पण ऐकवू कोणाला? बायको मालती गेल्यापासून मंगळवार ते शनिवार आमची बेल फक्त दूधवाला वाजवतो. सापडलात तर बसा आता!

* * *

पहिल्याच दिवशी सुषमाताई म्हणाल्या, "भाजायच्या आधी गोळ्यावर चीर मारायची, नाहीतर पाव कुठूनही फुटतो. त्याचं पातं घरीच बनवा. काडीवर ब्लेड, झालं!"

छातीपर्यंत दाढी असलेला मी दुकानात ब्लेड मागायला गेलो.

"शेवटी दाढी काढून राहिले का काका?"

"नाही गा, पावाले पाहिजे."

दुकानदारानं ब्लेड दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणाला, "काकू गेल्यापासून असंच आहे त्यांचं!"

* * *

दांडा म्हणून मी मालतीची विणायची सुई घेतली. ब्लेडच्या भोकांतून ओवली, फिट्ट बसली. वर्गात ऐटीत चीर मारली, तर सुई हातात आणि ब्लेड गोळ्यात!

"ब्लेडसकट भाजता काय हो?" सुषमाताई ओरडल्या.

मग दोरा गुंडाळून पक्कं केलं. जोडीतल्या दुसऱ्या सुईवर माझा अर्धा स्वेटर आहे. त्या सुईला हात लावायची हिंमत होत नाही.

* * *

वर्गात वानखेडेभाऊ आहेत. नरखेडची संत्र्याची बाग मुलाच्या हवाली करून इथे फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. ते कलमं बांधायचा चाकूच घेऊन आले. झर्रकन एक आडवी चीर, एक उभी, आणि बोटानं पिठाची कड उचलून थांबले.

"काय झालं भाऊ?"

"डोळा द्या ना जी कोणी!"

चाळीस वर्षं रोपाच्या सालीत चीर देऊन संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवलेला माणूस, हात कसा थांबणार? चाकूवर बंदी आली. त्यांनीही मग संत्र्याच्या काडीवर ब्लेड बांधलं.

* * *

मुलगी कॅनडात असते. व्हिडिओ कॉलवर पाव पाहून म्हणाली, "बाबा, एकट्यासाठी एवढा मोठा?"

"लहान केला तर मंगळवारीच संपते. मग बुधवारी काय करू?"

ती हसली. मी काही गंमत केली नव्हती.

* * *

वर्ग सुटला की वानखेडेभाऊ माझ्याकडे चहाला थांबतात आणि स्वतःचं पातं विसरून जातात. दर रविवारी! सोमवारी सकाळी बेल वाजते, "पातं राहिलं का जी?" मग पुन्हा चहा, जुन्या गोष्टी, बारा वाजतात.

एका सोमवारी ते आलेच नाहीत. मी दुपारपर्यंत दाराकडे बघत बसलो. मग राहवेना, पातं कागदात गुंडाळलं आणि त्यांचे तीन जिने चढलो.

दार उघडलं. भाऊंना ताप होता. "तुम्ही काहून तरास घेतला जी?"

"पातं द्यायले आलो."

आत टेबलावर स्टीलचा पेला होता. त्यात तशीच सहा पाती, सगळी संत्र्याच्या काडीची, नवीकोरी.

मी पाहिलं. मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

"बसा ना," ते म्हणाले.

"तुम्ही पडा भाऊ, चहा मी ठेवतो."

चहा झाला, गोळी दिली, संध्याकाळ झाली. निघताना मी वाचायचा चष्मा खिशातून काढला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि जिना उतरलो.